धनगराचा पाय

"आज काय केलंस जेवायला?" हा आईचा फोनवरचा पहिला प्रश्न. तब्येत, पाऊस, नोकरी हे सगळं नंतर.

मी म्हटलं, "शेफर्ड्स पाय."

पलीकडे शांतता. मग जरा दबक्या आवाजात, "कुणाचा पाय?"

"अगं, शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. पाय हा पदार्थ असतो इकडचा. खाली खिमा, वर कुस्करलेला बटाटा..."

पुढचं तिनं ऐकलंच नाही. फोन तसाच धरून ती बाबांना सांगत होती, "अहो, ऐकलंत का? धनगराचा पाय शिजवलाय तुमच्या लेकानं."

तेव्हापासून कराडच्या आमच्या घरात या पदार्थाचं नाव हेच. आता ते इतकं रुळलंय, की माझी मुलगी इथे शाळेतसुद्धा चुकून तसं म्हणून बसली होती.

आम्ही इंग्लंडातल्या शेफील्डला आलो 2008 च्या जानेवारीत. बायको नर्स, तिची नोकरी आधी ठरलेली. मी मागून बॅगा उचलून आलेला. पहिले सात-आठ महिने मला काम नव्हतं, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं ते आजतागायत तिनं परत मागितलेलं नाही. शेफील्ड हे डोंगरउतारावर सांडलेलं गाव आहे. आमची गल्ली इतकी चढाची, की एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत शेजारच्या आजींचा उंबरा आमच्यापेक्षा हातभर वर. भिंत मात्र दोघांत एकच. त्यांच्याकडे टीव्हीवर कोण जिंकलं ते आम्हाला कळायचं आणि आमच्याकडे मोहरी तडतडली की त्यांना.

आजी म्हणतोय खरा, पण तोंडावर मी त्यांना कधी आजी म्हटलं नाही. इथे म्हाताऱ्या शेजारणीलाही नावानं हाक मारतात. ते माझ्या जिभेला जमेना, म्हणून पहिली दोन वर्षं मी हाक न मारता थेट समोर जाऊन उभा राहायचो आणि बोलायला लागायचो. त्या मला 'लव्ह' म्हणायच्या. शेफील्डात बसचा ड्रायव्हरही पुरुषांना 'लव्ह' म्हणतो. पहिल्या दिवशी तिकीट घेताना दचकायला होतं, मग सवय होते, आणि मग दुसऱ्या गावी गेलं की कुणी म्हणत नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं.

मार्चमध्ये कधीतरी आजींनी आम्हाला 'टी'ला बोलावलं. शनिवारी पाच वाजता. चहाला जायचं म्हणून बायकोनं घरून आलेला चिवडा एका डबीत भरून घेतला. आल्यावर जेवायचं म्हणून मी भाताचा कुकर लावून ठेवला आणि पिठल्याची तयारी करून ठेवली. त्यांच्या दारात पाऊल टाकलं तर टेबलावर ताटल्या, सुऱ्या, काटे, मटारचं भांडं. उत्तर इंग्लंडात दुपारच्या जेवणाला 'डिनर' म्हणतात आणि संध्याकाळच्या जेवणाला 'टी', हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. चिवड्याची डबी बायकोनं हळूच पर्समध्ये परत सरकवली.

आजींनी ओव्हनमधून एक भांडं काढलं. पांढऱ्या इनॅमलचं, काठाला निळी रेघ, एका कोपऱ्यात टवका उडून काळं लोखंड दिसणारं. वर बटाट्याचा थर, त्यावर काट्यानं ओढलेल्या सऱ्या, आणि सऱ्यांचे माथे खरपूस तांबूस. कडेनं गडद रस्सा बुडबुडत वर आलेला आणि काठावर करपून चिकटलेला. त्यांनी बायकोला आधीच भिंतीवरून विचारून घेतलं होतं, काय चालतं आणि काय नाही. म्हणाल्या, "आमच्यात नेहमी कॉटेज पाय असतो, बीफचा. तुमच्यासाठी मेंढीचं घातलंय, म्हणजे आज हा शेफर्ड्स झाला."

इतकाच फरक. गाईचं मांस असेल तर कॉटेज, मेंढीचं असेल तर शेफर्ड्स. आता इंग्लंडातली माणसं यावरून हिरीरीनं भांडतात. बीफच्या पायला कुणी शेफर्ड्स म्हटलं, की कुणीतरी लगेच "मेंढपाळ गाई राखतो का?" असं विचारतोच. पण ही काटेकोर वाटणी बरीच अलीकडची; जुन्या काळी दोन्ही नावं कशीही वापरली जायची. त्यातलं 'कॉटेज' हे जास्त जुनं. नॉरफकमधल्या जेम्स वुडफर्ड नावाच्या खवय्या पाद्र्याच्या रोजनिशीत ते 1791 साली आलेलं आहे. 'शेफर्ड्स' आलं त्यानंतर साठएक वर्षांनी, स्कॉटलंडच्या बाजूनं. कॉटेज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर येतं, स्ट्रॉबेरी आणि भाड्याची खोली. इथे त्याचा अर्थ शेतमजुराचं झोपडं. ज्याला बटाटा परवडतो आणि मांस पुरवून पुरवून खावं लागतं, त्याचं घर.

फिक्कं लागेल अशी मनाची तयारी करून मी पहिला घास घेतला. फिक्कं नव्हतं. तिखटही नव्हतं. मऊ, गोडसर कांदा, गाजर, मटणाचा दाट रस, मिरी, आणि मागून कसलीतरी आंबट चुणूक. बायको फोंड्याची. तिनं दोन घास खाल्ले आणि मला मराठीत म्हणाली, "हा तर उलटा केलेला बटाटा चॉप." तिच्या लहानपणी शेजारचं ख्रिश्चन कुटुंब नाताळात घरी चॉप पाठवायचं: बाहेर बटाटा, आत खिमा, रव्यात घोळवून तळलेला. इथे तळणाचा खटाटोप नको म्हणून कुणीतरी सगळं भांड्यात थापून मोकळं झालं होतं. तिचं म्हणणं मला अजून पटतं. 'बटाटा' हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगिजांकडून घेतलेला.

त्या आंबट चुणुकीची गोष्ट वेगळीच. टेबलावर नारिंगी लेबलची एक बाटली होती. आजींनी ती न विचारता माझ्या ताटलीवर उपडी केली. हेंडरसन्स रेलिश. 1885 पासून शेफील्डात बनतंय आणि या गावात मिठाच्या बरोबरीनं टेबलावर असतं. लाडानं त्याला 'हेंडोज' म्हणतात. मी बाटली फिरवून घटक वाचले: व्हिनेगर, साखर, लवंग, तिखट आणि... चिंच! पुन्हा वाचलं. चिंचच. त्या थंडगार मार्चमध्ये, साडेचार हजार मैलांवरच्या एका पोलादाच्या गावात, पायरीवरच्या शेजारणीच्या टेबलावर चिंच निघाली. मला हसूच आलं. आजींनी विचारलं काय झालं, तर मला 'चिंच' समजावून सांगता येईना. त्यांनी सत्तर वर्षं चिंच खाल्ली होती आणि त्यांना ती माहीत नव्हती.

याचा जास्त प्रसिद्ध भाऊबंद म्हणजे वुस्टर सॉस. तो 1837 पासून विकला जातो. त्यात चिंच आहेच, शिवाय काकवी आणि मुरवलेले अँचोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातले मासे. काकवी आणि चिंच म्हणजे आपल्या आमटीतलं चिंच-गूळच की. इंग्रजी पायच्या पाककृतीत सगळीकडे 'चमचाभर वुस्टर' असतो. शेफील्डात मात्र ते नाव काढायचं नाही. मी एकदा काढलं होतं. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की कोल्हापूरकरापुढे मी पुण्याच्या मिसळीची तारीफ केली असावी.

निघताना उरलेला पाय त्यांनी भांड्यासकट आमच्या हातात दिला. इथेच घोटाळा झाला. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे माझ्या हाडात आहे. कराडला शेजारून वाटीभर आमटी आली तरी आई त्या वाटीत काहीतरी घातल्याशिवाय ती परत पाठवत नसे. काहीच नसेल तर चिमूटभर साखर. पहिल्या वेळी मी शिरा घालून पाठवला. आजींना आवडला, त्यांनी भांडं धुऊन, रिकामं, आमच्या दारात ठेवलं आणि म्हणाल्या, "ठेव तूच, तुला लागेल." आता रिकामं भांडं माझ्याकडे होतं आणि डोक्यात भलताच हट्ट शिरला: परत पाठवायचं ते त्यात त्यांचाच पाय करून.

तो दिवस आठवला की अजून कान गरम होतात.

मी दुकानातून छान गुळगुळीत, पिवळसर, छोटे छोटे बटाटे आणले. उकडले, सोलले आणि कराडहून आणलेल्या मिक्सरला लावले. अर्ध्या मिनिटात झाकण उघडलं तर आत खळ. गणपतीच्या मखराला कागद चिकटवायला करतो ना, तशीच चिकट, लांब तार येणारी. चमचा उभा राहत होता. हे का होतं ते नंतर कळलं. मिक्सरच्या पात्यानं बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला सगळा स्टार्च बाहेर येतो आणि त्याचा डिंक होतो. शिवाय बटाट्याची जातही चुकीची. इथे दुकानात बटाट्याला नावं असतात, आपल्याकडे आंब्याला असतात तशी. गुळगुळीत जातीचे बटाटे सॅलडचे. शिजले तरी धरून राहतात. पायला लागतो पिठूळ बटाटा, शिजला की कडेनं भुगा होणारा. किंग एडवर्ड 1902 सालची जात, राजाच्या राज्याभिषेकाच्या वर्षातली म्हणून त्याच्याच नावाची. मॅरिस पायपर 1966 ची. ती केंब्रिजजवळच्या एका संशोधन संस्थेत तयार झाली आणि ज्या गल्लीत ती संस्था होती त्या गल्लीचं नाव तिला लागलं. आजी दुसरा बटाटा घरात आणत नाहीत.

खाली मी केला होता खिमा. आमचा. कांदा लाल होईपर्यंत परतलेला, आलं-लसूण, हळद, आईची कांदा-लसूण चटणी, आणि अंगाबरोबर नाही, चांगला सैलसर रस्सा ठेवलेला. त्यावर खळ थापली. ओव्हनमध्ये दहा मिनिटांत दरड कोसळावी तशी ती मधोमध खचली आणि लाल तवंग चहूबाजूंनी वर आला. तसंच भांडं घेऊन मी गेलो. न जाण्यापेक्षा जाणं बरं, असं बायको म्हणाली. ती स्वतः नाईटला निघून गेली.

आजींनी ताटलीत वाढून घेतलं, सावकाश खाल्लं, दोनदा पाणी प्यायल्या. "फार छान झालंय, लव्ह," त्या म्हणाल्या, "पण ही करी आहे." मग जरा थांबून, "सोमवारी ये. दाखवते."

सोमवारच का, ते मला सोमवारी कळलं.

मी जाताना पावशेर-अर्धा किलो खिमा घेऊन गेलो होतो. पाकिस्तानी खाटकाच्या दुकानातून ताजा. त्यांनी तो फ्रिजमध्ये ठेवायला लावला आणि फ्रिजमधून एक झाकलेली ताटली काढली. रविवारी त्यांचा मुलगा जेवायला आला होता. त्या दिवशी भाजलेल्या मेंढीच्या मांडीतलं हाडाला चिकटलेलं, कोरडं, राखाडी पडलेलं मांस. शिळं. मग कपाटातून एक लोखंडी यंत्र निघालं. आपल्याकडे शेवयांचं यंत्र खाटेच्या कडेला आवळतात तसं त्यांनी ते टेबलाच्या काठाला स्क्रूनं आवळलं, वरच्या तोंडात मांसाचे तुकडे टाकले आणि मला म्हणाल्या, "फिरव." पुढून खिमा गळायला लागला. शेवटी त्यांनी पावाचा एक कोरडा तुकडा तोंडात कोंबला. तो फिरून बाहेर यायला लागला म्हणजे आत अडकलेलं सगळं मांस बाहेर आलं. तो पावाचा चुरा फेकायचा नाही, खिम्यातच ढकलायचा. रस्सा त्यानंच दाट होतो.

त्या क्षणी मला तो पदार्थ समजला. ही फोडणीची पोळी होती.

फोडणीची पोळी ताज्या पोळीची करून बघा. लगदा होतो. तिला रात्रभर पडून कडक झालेलीच पोळी लागते. तसंच या पायचं. रविवारी इंग्रज घरात मोठा मांसाचा तुकडा भाजला जायचा, सोमवार धुण्याचा. हंडे तापवायचे, कपडे चोळायचे, पिळायचे. स्वयंपाकाला हात मोकळा नाही. मग कालचं थंड मांस, हाताशी असलेले बटाटे, कालच्या भाजणीतला रस, कांदा, असेल तर गाजर. भांड्यात थापलं, शेगडीत ढकललं आणि पुन्हा धुण्याकडे. पाककृती कसली, ते वेळापत्रकच होतं.

आजींचा जन्म 1935 चा. ब्रिटनमध्ये रेशन सुरू झालं 1940 च्या जानेवारीत आणि मांसावरचं रेशन उठलं 4 जुलै 1954 ला. म्हणजे त्या चार-पाच वर्षांच्या होत्या तेव्हा लागलं आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या झाल्या तेव्हा गेलं. सबंध वाढीचं वय. मांसाचं रेशन वजनावर नव्हतं, किमतीवर होतं: माणशी आठवड्याला इतक्या शिलिंगांचं. म्हणून शहाणी बाई स्वस्तातला, चिवट भाग घ्यायची, म्हणजे जास्त यायचा, आणि मग तो यंत्रातून काढायची. "आई यंत्र फिरवायला लागली, की आम्ही पावाचा तुकडा कितीचा आहे ते बघायचो," आजी म्हणाल्या. "मोठा असला की समजायचं, आज मांस कमी आहे." हे सांगताना त्यांच्या आवाजात दुःख-बिःख काही नव्हतं. बटाटे उकळायला लागले होते, त्यांचं लक्ष तिकडे होतं.

इंग्रजांत पाद्र्याच्या घरच्या मटणाची एक जुनी गंमत सांगतात. रविवारी गरम, सोमवारी गार, मग तुकडे करून, मग खिमा करून, गुरुवारी त्याची करी, शुक्रवारी हाडांचं सूप आणि शनिवारी कॉटेज पाय. एकच मांडी, सात दिवस. ते ऐकलं आणि मी गुरुवारावर अडकलो. व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रज गृहिणीला करी म्हणजे उरलंसुरलं मांस खपवायची युक्ती; पिवळी पूड टाकायची आणि कालचा वास झाकायचा. आपल्याकडे पाहुणे आले की जे घडतं ते त्यांच्याकडे गुरुवारी नाइलाजानं घडत होतं. आणि इकडे मी, त्यांच्या शनिवारच्या नाइलाजाला पाहुणचार समजून नवीन खिमा आणून, आईची चटणी घालून, सजवून घेऊन गेलो होतो. फिट्टंफाट झाली म्हणायची.

खरं सांगायचं तर आता इथेही बहुतेक घरांत ताज्याच खिम्याचा करतात. रविवारी मांडी भाजणारी घरं कमी झाली. मीही बहुतेक वेळा ताजाच आणतो. फक्त आदल्या दिवशी शिजवून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी बटाटा चढवतो. चवीचा भाग आहेच, पण मुख्य फायदा वेगळा: गार झालेला खिमा घट्ट बसतो, आणि त्यावर बटाटा तरतो. माझी दरड कोसळली ती गरम, सैल रश्शावर गरम खळ ओतल्यामुळे.

आमच्या चौघांना अर्धा किलो खिमा लागतो आणि किलोभर बटाटे. कढई आधी सणसणीत तापवायची आणि खिमा एकदम सगळा न टाकता दोनदा करून टाकायचा, नाहीतर तो पाणी सोडतो आणि स्वतःच्याच पाण्यात उकडतो. तळाला तांबूस चिकटलं पाहिजे. मेंढीची चरबी बरीच सुटते, ती निथळून बाजूला. मग त्याच कढईत दोन कांदे आणि दोन गाजरं, अगदी बारीक चिरून. इथे मराठी हाताला आवर घालावा लागतो. आपण कांदा लाल करायला धावतो; या कांद्याला मंद आचेवर पंधरा मिनिटं नुसतं मऊ पडू द्यायचं, रंग न बदलता. त्यातूनच तो गोडवा येतो. मग चमचाभर कणीक, टोमॅटोची पेस्ट, पळीभर-पळीभर करून दीड फुलपात्र हाडांचं पाणी, थाइमची काडी, मिरी, आणि अर्थातच हेंडोज. आटेपर्यंत शिजवायचं. चमच्यानं कढईच्या तळाशी रेघ ओढली तर ती क्षणभर उघडी राहिली पाहिजे.

बटाटे गार पाण्यात मीठ घालून चढवायचे, उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून विरघळतात आणि आत कच्चे. पाणी ओतलं की तसंच पातेलं पुन्हा मिनिटभर आचेवर, हलवत राहायचं. वाफ निघून जाते आणि बटाट्याच्या कडा पांढऱ्या, पिठूळ दिसायला लागतात. हे मिनिट आजी कधी चुकवत नाहीत. मग हातानं कुस्करायचं, आधी लोणी आणि मग गरम दूध, मिक्सरकडे बघायचंसुद्धा नाही. आजींचा कुस्करा (त्याला आमच्या घरी हेच नाव पडलंय) शेफील्डच्याच पोलादाचा आहे आणि माझ्यापेक्षा वयानं मोठा.

बटाटा भांड्यात चढवताना मधोमध गोळा टाकायचा नाही. आधी कडेनं, भांड्याच्या काठाला चिकटवत, मग आत यायचं. म्हणजे रस्सा वर यायला वाट राहत नाही. काट्यानं सऱ्या. ओव्हन 200 अंश, खाली एक ताट ठेवून, कारण कितीही लिंपलं तरी कुठून तरी उतू जातंच. अर्ध्या तासात माथे तांबूस होतात. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही, ही सगळ्यात अवघड पायरी.

पण धनगराचं काय?

शेफील्डच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर पीक डिस्ट्रिक्टचे माळ सुरू होतात. काळ्या दगडांचे कडे, वारा, आणि जिकडे तिकडे मेंढ्या. लाँगशॉ म्हणून एक जागा आहे, तिथे 1898 पासून मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या शर्यती भरतात. 2014 साली आई-बाबा आले तेव्हा त्यांना तिथे नेलं. मेंढपाळ एका टोकाला काठी टेकून उभा, नुसती शीळ घालतोय, आणि पाव मैलावर कुत्रं त्या शिळेवर पोटावर सरपटत मेंढ्या हाकतंय. बाबा तासभर जागचे हलले नाहीत. दिवाळीनंतर फलटण-माणकडचे धनगर कळप घेऊन कोकणात उतरायचे, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या. बाबांच्या लहानपणी ते आजोबांच्या रानात दोन रात्री मेंढरं बसवायचे. लेंडीखताच्या बदल्यात जोंधळे मिळायचे.

परत येताना गाडीत आई म्हणाली, "मेंढरं राखणारा रोज मटण खाईल तर राखील काय? आमच्या रानातले धनगर भाकरी आणि कालवण खायचे. मटण जत्रेला. हे नाव कुणीतरी खुर्चीवर बसून ठेवलेलं आहे."

हे नाव कुणी ठेवलं ते मला माहीत असण्याचं कारण नाही, पण मी आईच्या बाजूनं आहे. मेंढी ही मेंढपाळाची रोकड. इथला डोंगरातला शेतकरीही कोकरं शरद ऋतूत बाजाराला काढतो. झोपडं आणि मेंढपाळ ही नावं पदार्थाला लागली ती त्याला साधेपणाचा वास यावा म्हणून. आपल्याकडे हॉटेलवाले 'शेतकरी थाळी' लावतात आणि ती शेतकऱ्याला परवडत नाही, त्यातलाच प्रकार.

ते दोघं आले तेव्हा श्रावण होता. आजींनी 'टी'ला बोलावलं आणि आई म्हणाली, महिनाभर मटण नाही. मी ओशाळलो, कारण आजींनी मांडी आधीच आणून ठेवली असणार. आईला कसला ओशाळेपणा? तिनं विचारलं, "घरात मसूर आहे का?" आमच्या कराड-सांगली पट्ट्यात ढाब्यावर अख्खा मसूर ही स्वतंत्र गोष्ट आहे, लोक त्यासाठी वाट वाकडी करून जातात. तिनं तो दाट शिजवला, तेल सुटेपर्यंत परतला, माझी कांद्यावरची सगळी प्रवचनं धुडकावून कांदा लालच केला, आणि निळ्या काठाच्या भांड्यात ओतून मला म्हणाली, "आता चढव तुझा बटाटा."

आजींनी दोनदा घेतला. हेंडोज मात्र टाकलंच. आईनं बोटावर घेऊन चाटलं आणि माझ्याकडे बघितलं. "चिंच आहे यात," ती म्हणाली. मला सहा वर्षांपूर्वी लेबल वाचावं लागलं होतं.

"याला काय म्हणतात?" आजींनी विचारलं. मी आईकडे पाहिलं.

"सांग तिला," आई म्हणाली, "धनगराचा श्रावण."

याचं इंग्रजी मला आजवर जमलेलं नाही.

आजी आता नव्वदीच्या आहेत. बोटांत संधिवात, यंत्राचा दांडा फिरत नाही, कुस्कराही पेलवत नाही. सोमवारी त्यांच्या स्वयंपाकघरात मी असतो आणि त्या खुर्चीवरून बघतात. सऱ्या मात्र स्वतः ओढतात, आडव्या, हळूहळू, भांडं माझ्याकडून धरून घेऊन. ओव्हनमधून काढल्यावर माझी मुलगी आणि त्या, दोघींचा डोळा एकाच जागेवर: टवका उडालेल्या कोपऱ्यातली खरवड. तिथे भांडं जास्त तापतं की काय कोण जाणे, पण बटाटा आणि रस्सा मिळून करपून तिथे जे जमतं ते दुसऱ्या कोपऱ्यात जमत नाही. इंग्रजीत खरवडीला चांगला शब्द नाही. आजी 'खर्वड' म्हणतात, वय सांगतात आणि चमचा घालतात.

परवा उरलेला पाय त्यांनी आमच्याबरोबर धाडला. भांडं धुऊन ओट्यावर पालथं घातलंय, उद्या परत द्यायचंय. काय घालून द्यावं याचा विचार करत डबा उघडला, तर आत कालच्या चार पोळ्या आहेत, चांगल्या कडक झालेल्या. कांदा चिरायला घेतलाय.